सर्व्हरसाठी स्वतंत्र लाइन: मीटरपासून रॅकपर्यंतच्या नोंदी

१० एप्रिल २०२५, गुरुवार

पुण्यात देखभाल-दुरुस्तीची कामं गुरुवारी निघतात. आज सकाळी साडेनऊला लाइट गेले ते दुपारीच आले. जुना यूपीएस पाऊण तासात संपला. त्याचं काही वाटत नाही, तेवढीच त्याची ताकद होती. घरच्या सर्व्हरसाठी वेगळी लाइन टाकायचं हे काम हातात घ्यायला कारण झाला तो मार्चमधला प्रकार.

आम्ही सगळे कोल्हापूरला गेलो होतो. मागे फ्रिजच्या डिफ्रॉस्ट हीटरमध्ये लीकेज झालं, म्हणजे करंट अर्थिंगकडे गळायला लागला, आणि घराची मुख्य आरसीसीबी (असं लीकेज दिसलं की लाइन तोडणारा स्विच) पडली. गल्लीत लाइट होते, शेजारी होते, फक्त आमच्या घरात नव्हते. यूपीएस इमानदारीत बॅटरी संपेपर्यंत चालला आणि मग सर्व्हर धाडकन बंद. त्या वेळी मोडी कागदपत्रांचे स्कॅन एका डिस्कवरून दुसरीवर जात होते. मूळ कागद लोकांच्या घरी परत गेलेले, काही तर हात लावला की तुकडा पडावा अशा अवस्थेतले. ते पुन्हा मागून स्कॅन करणं म्हणजे त्या कागदांचं आयुष्य आणखी कमी करणं.

बॅटरी दुप्पट केली असती तरी त्या दिवशी सर्व्हर बंदच पडला असता, फक्त जरा उशिरा. दोष बॅटरीत नव्हता, डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत, होता. फ्रिज, गिझर, मिक्सर आणि सर्व्हर एकाच आरसीसीबीच्या जिवावर चालत होते. त्यामुळे या वेळी खरेदीला सुरुवात बॅटरीपासून नाही, मीटरपासून.

१३ एप्रिल, रविवार

दिवसभर मोजमाप. सर्व्हर, डिस्कांची पेटी, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा मिळून एरवी ३१० ते ३२० वॉट. सगळ्या डिस्क फिरायला लागल्या आणि प्रोसेसरवर काम आलं की ४८० पर्यंत.

घरातला व्होल्टेज पहाटे २३८, संध्याकाळी सातच्या सुमारास २१२. हा फरक यूपीएसच्या हिशोबात धरावा लागतो. बल्बला व्होल्टेज कमी मिळाला की तो कमी करंट ओढतो आणि मंद होतो. ऑनलाइन यूपीएसचं (जो लाइट असतानाही कायम स्वतःच वीज तयार करून देतो) उलटं आहे. त्याला पुढे ठरलेले वॉट द्यायचेच असतात, म्हणून व्होल्टेज उतरला की तो जास्त करंट ओढतो. लाइट डिम असतील तेव्हा त्याची वायर जास्त तापते.

ठरलं ते असं: २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, बाहेरच्या बॅटरीचा. १२ व्होल्ट ४२ एएचच्या (अँपियर-तास) सहा सीलबंद बॅटऱ्या ओळीत, म्हणजे ७२ व्होल्ट. कागदावर ३,०२४ वॉट-तास होतात. पाच अँपियरने उपसल्यावर एवढे मिळत नाहीत, साधारण २,६५० धरले. त्यातले ८० टक्केच वापरायचे आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरायची, तर ३२० वॉटला पावणेसहा तासांच्या आसपास. गुरुवार निघतो.

१६ एप्रिल, बुधवार

वायरचा हिशोब.

यूपीएस पूर्ण भरला तर १,८०० वॉट बाहेर, आत सुमारे २,०००. रिकाम्या बॅटऱ्या भरताना चार्जर आणखी ७०० घेतो. एकूण २,७००. २३० व्होल्टला ११.७ अँपियर, १९० व्होल्टला १४.२. आमचा खरा भार याच्या निम्म्याहून कमी, पण लाइन कागदावरच्या आकड्यासाठी टाकायची. एमसीबीचं (वायरमधून जास्त करंट गेला की पडणारा ब्रेकर) रेटिंग १६ अँपियर पुरतं. यूपीएसचा प्लगही १६ अँपियरचाच, त्यामुळे त्याहून मोठा ब्रेकर लावायचा प्रश्नच नाही. कर्व्ह (किती मोठ्या झटक्याला ब्रेकर लगेच पडतो तो प्रकार) सी, कारण सुरू होताना यूपीएस क्षणभर मोठा झटका घेतो आणि बी कर्व्ह त्यावर पडू शकतो.

डीबीपासून रॅकपर्यंत (सर्व्हर बसवलेलं कॅबिनेट) पाइपच्या वाटेने १८ मीटर, जाऊन-येऊन ३६. अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिमी) तांब्याच्या वायरीत १२ अँपियरला साडेतीन व्होल्टच्या आत पडतात, चार स्क्वेअरमध्ये २.१. व्होल्टेज ड्रॉपसाठी म्हणाल तर अडीच पुरेशी आहे. तरीही चारच घेतली. ही लाइन वर्षाचे बाराही महिने, रात्रंदिवस चालू राहणार. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पाइपमध्ये वायरची करंट वाहण्याची क्षमता खाली येते. घरातल्या बाकी कुठल्याच लाइनला असं अखंड चालावं लागत नाही.

लाल, काळी, हिरवी. अर्थिंगची वायरही चार स्क्वेअरचीच. वायरींच्या भारतीय मानकाचा, आयएस ६९४ चा, शिक्का बघून घेतली.

२० एप्रिल, रविवार

आज अर्थिंग. मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, म्हणून सविस्तर लिहिते.

वायरमन काका सकाळी अर्थ टेस्टर घेऊन आले. परवानाधारक आहेत, आणि मोजल्याशिवाय बोलत नाहीत म्हणूनच त्यांना बोलावलं. जुना खड्डा मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी. झाकण उचललं तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला बांधलेली तार गंजून इतकी बारीक झालेली की काकांनी चिमट्याने हलवली आणि ती सुटून हातात आली. पाइप घासून, पट्टी नवी लावून, अंगणात दोन खुंट्या ठोकून मोजलं: ११.४ ओहम. तेही खड्ड्यात पाणी न घालता. काका म्हणाले, "ताई, पाणी ओतून मोजलं तर आकडा चांगला येईल, पण तो पाण्याचा आकडा. खरा आकडा एप्रिल-मेमध्येच कळतो."

हा आकडा किती वाईट, ते मांडून बघितलं. आपल्या सर्व्हिस वायरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा येतात, अर्थिंग ज्याचं त्याने आपल्या जमिनीत करायचं. म्हणजे सर्व्हरच्या पत्र्याला फेज लागला तर करंट आमच्या खड्ड्यातून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे परत. तिकडचे दीड ओहम धरू. एकूण १२.९. २३० भागिले १२.९ म्हणजे १७.८ अँपियर. आता १६ अँपियरची एमसीबी १.१३ पटीपर्यंत, म्हणजे १८ अँपियरपर्यंत, तासभर पडू नये अशीच बनवलेली असते. म्हणजे पत्र्यावर २०० व्होल्ट घेऊन कॅबिनेट उभं, एमसीबी वर आणि कुणाला पत्ता नाही. एमसीबी वायरला वाचवते. माणसाला वाचवायला आरसीसीबी किंवा आरसीबीओच (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच यंत्रात) लागतो, आणि त्यालाही अर्थिंगची साथ हवी.

"कॉम्प्युटरसाठी वेगळं अर्थिंग करा, घराच्या अर्थिंगला जोडू नका" हा सल्ला दोघा-तिघांनी दिला. तो मी मानणार नाही. एकाच खोलीत दोन न जोडलेली अर्थिंग असली की बिघाडाच्या वेळी किंवा जवळपास वीज पडल्यावर दोन पत्र्यांमध्ये शेकडो-हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो. एक हात सर्व्हरवर, दुसरा फ्रिजवर असला तर तो फरक माणसातून जाणार. खड्डे दोन असोत की चार, सगळे डीबीतल्या एकाच अर्थ पट्टीवर आले पाहिजेत.

२७ एप्रिल, रविवार

खड्डा नाही, बोअर घेतला. सहकारनगरच्या या भागात वरचा भराव संपला की कठीण मुरूम आणि खाली काळा पाषाण. ६०० मिमीची प्लेट पुरण्याइतकं खोदायचं तर अंगण उखडावं लागलं असतं. छोट्या मशिनने भोक पाडून त्यात ३ मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड उभा केला आणि भोवती बेंटोनाइट कालवून ओतलं. कोळसा-मीठ नको म्हटलं. मिठाने सुरुवातीला आकडा छान येतो, पण ते पावसाबरोबर वाहून जातं आणि जाताना धातू खातं. जुन्या पाइपची तार कशाने गेली ते समोर दिसतच होतं.

जुन्या पाइपपासून अंतर साडेसहा मीटर ठेवलं, रॉडच्या लांबीच्या दुपटीहून थोडं जास्त. दोन रॉड जवळजवळ असले की ते एकाच मातीवर अवलंबून राहतात आणि दुसऱ्याचा उपयोग निम्मा होतो.

नवा रॉड एकटा ४.४ ओहम. दोन्ही जोडून ३.२. डीबीपर्यंत १० स्क्वेअरची हिरवी तांब्याची वायर, दोन्ही टोकांना लग क्रिंप करून (धातूचं टोक दाबून बसवून).

या आकड्यालाही बिघाडाचा करंट ४९ अँपियरच होतो. सी कर्व्हची १६ ची एमसीबी झटक्यात पडायला किमान ८० लागतात. म्हणजे ३.२ आल्यावरही आरसीबीओ हवाच.

४ मे, रविवार

पाइप टाकायचं काम. भिंतीला झिरी मारून वायर आत घ्यावी असं आईचं म्हणणं होतं. "बाहेरून पाइप दिसतो तो दवाखान्यासारखा." मी तिला दाखवलं की पुढच्या वर्षी कुणी फोटो टांगायला खिळा ठोकला तर तो नेमका कुठे जाईल हे आतल्या वायरीत कळत नाही. आई मग एवढंच म्हणाली, "मग निदान सरळ तरी जाऊ दे." काकांनी ओळंबा धरून पाइप सरळ नेला. २५ मिमीचा जाड पीव्हीसी, आत तीनच वायरी, मध्ये कुठेही जोड नाही.

नेटवर्कच्या केबलपासून फूटभर लांब. एके ठिकाणी ओलांडावं लागलं तिथे काटकोनात.

रॅक वरच्या मजल्यावरून खाली उत्तरेच्या खोलीत आणला. वर गच्चीखाली मेमध्ये ३८ अंश होतात. सीलबंद लेड बॅटरीचं आयुष्य २५ च्या वर दर आठ-दहा अंशाला निम्म्यावर येतं. एका मजल्याच्या फरकाने बॅटरीची वर्षं वाढतात, त्यापुढे रॅक उतरवण्याचे कष्ट काहीच नाहीत.

८ मे, गुरुवार

डीबीचं काम मुद्दाम आज ठेवलं. तसेही लाइट जाणारच होते, घर दोनदा अंधारात कशाला. पण लाइट गेलेत एवढ्यावर विसंबून काकांनी वायरला हात लावला नाही. मीटरजवळचा मेन स्विच खाली केला, त्यावर चिकटपट्टी लावली, मग टेस्ट लॅम्पने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघितलं. लाइट कधीही परत येतात, आणि कुणाच्या चुकीच्या जोडलेल्या इन्व्हर्टरमधून लाइनवर उलटा करंटही येऊ शकतो.

जोडणी अशी. मुख्य डबल पोल आयसोलेटरनंतर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) दोन वाटा केल्या. एक जुनीच, घराच्या आरसीसीबीकडे. दुसरी थेट नव्या आरसीबीओकडे: दोन पोल, सी १६, ३० मिलिअँपियर लीकेजचा, ए प्रकारचा. आता फ्रिजने घराची आरसीसीबी पाडली तरी सर्व्हरची लाइन चालू राहील, आणि सर्व्हरच्या बाजूला काही झालं तर आईचा स्वयंपाक थांबणार नाही.

ए प्रकार का: बाजारात बहुतेक ठिकाणी पटकन मिळतो तो एसी प्रकार. यूपीएसच्या रेक्टिफायरमागे (एसीचा डीसी करणारा भाग) लीकेज झालं तर तो करंट स्वच्छ साइन वेव्ह नसतो, तुटक डीसीसारखा असतो, आणि एसी प्रकाराला तो धड जाणवत नाही. यूपीएसच्या पुस्तिकेतही ए प्रकारच सांगितला होता. दुकानात सांगून मागवावा लागला.

न्यूट्रलचं एक जपायचं. या लाइनचा न्यूट्रल आरसीबीओतूनच निघाला पाहिजे आणि वाटेत कुठेही घराच्या न्यूट्रल पट्टीला लागता कामा नये. लागला तर गेलेला करंट एका वाटेने आणि परतलेला दुसऱ्या, म्हणजे दोन्ही यंत्रांना लीकेज दिसणार. "नवीन आरसीसीबी सारखी पडते" अशा तक्रारीत काकांना बहुतेक वेळा हेच सापडतं.

एक गोष्ट बघत बसले. चार स्क्वेअरच्या वायरीचं टोक सोलल्यावर काकांनी बारीक तारा पिळल्या नाहीत की दुमडल्या नाहीत. पिन लग चढवला, दाबला, मग आरसीबीओत घालून स्क्रू आवळला आणि वायर जोरात ओढून बघितली. नंतर पुन्हा तोच स्क्रू. दुसऱ्या वेळी तो पाव फेरा आणखी फिरला. तो पाव फेरा सैल राहिला असता तर वर्ष-दोन वर्षांनी तिथेच काळं पडलं असतं.

लाइट यायच्या आत मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजणारा मीटर): ५०० व्होल्टला तिन्ही जोड्यांत मीटरचा काटा शेवटच्या टोकाला, २०० मेगओहमच्या वर. एक मेगओहम आला असता तरी चाललं असतं.

लाइट आल्यावर आरसीबीओ टेस्टरने पाडून बघितला. २२ मिलिअँपियरला पडला.

११ मे, रविवार

बॅटऱ्या. सहा ओळीत जोडल्यावर चार्ज होताना ८२ व्होल्ट असतात. हे डीसी आहे, आणि ठिणगी पडली की ती एसीसारखी आपोआप विझत नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवलं. पान्याला मुठीपासून टोकापर्यंत इन्सुलेशन टेप. दोन पोलचा ४० अँपियरचा डीसीचाच एमसीबी, त्याच्या अधिक-उण्याच्या खुणा बघून लावलेला. एसीची एमसीबी इथे लावायची नाही, आतला आर्क तिला तोडता येत नाही. पूर्ण भाराला आणि उतरलेल्या बॅटरीला ३२ अँपियर होतात, म्हणून वायर १० स्क्वेअर.

यूपीएस सुरू. जुन्या बोर्डवर जुन्या यूपीएसच्या मागे एक लाल दिवा कायम लागलेला असायचा, साइट वायरिंग फॉल्टचा. त्या बोर्डात फेज डावीकडे आणि न्यूट्रल उजवीकडे होता. नव्या सॉकेटला समोरून बघताना फेज उजवीकडे, आणि नव्या यूपीएसवर तो दिवा बंद.

न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज: जुन्या बोर्डवर ४.६, नव्या सॉकेटवर २.३. डीबीवरच २.१ आहे, तो बाहेरच्या लाइनवरचा ड्रॉप. तो घरातल्या वायरिंगने कमी होत नाही.

लीकेज क्लॅम्पमध्ये फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून मोजलं: सगळा रॅक मिळून ४.२ मिलिअँपियर. प्रत्येक पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडं थोडं अर्थिंगमध्ये जातंच. ३० च्या आरसीबीओला एरवीचं लीकेज ९ च्या आत ठेवायचं. आणखी दोन मशिनं बसतील, दहा बसणार नाहीत.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं: यूपीएसची चाचणी घ्यायला भिंतीतला प्लग ओढायचा नाही. प्लग निघाला की अर्थिंगही निघतं, आणि याच फिल्टरांमुळे सगळ्या पत्र्यांवर अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास येऊन झिणझिण्या बसतात. सॉकेटचं बटण बंद करायचं. अर्थिंग जोडलेलं राहतं. दुसरं, यूपीएसच्या आउटपुटवर टेबलफॅन, दिवा, ड्रिल काहीही लावायचं नाही. आरसीबीओ पडला की दोन्ही पोल तुटतात आणि आउटपुटचा न्यूट्रल अधांतरी राहतो. त्या वेळी आरसीबीओ माणसाला वाचवायला तिथे नसतो.

१८ मे, रविवार

वळवाचे ढग रोज संध्याकाळी जमतायत. डीबीत सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्याचा जादा व्होल्टेज अर्थिंगकडे वळवणारा) बसवला, टाइप २. आपल्यासारख्या अर्थिंगला फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार वाढला की वाट देणारा भाग) आणि न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप (ठिणगीने ओलांडली जाणारी फट) असलेला घ्यायचा. वायरी अर्ध्या मीटरच्या आत. लांब, गुंडाळी करून ठेवलेल्या वायरीवर विजेच्या झटक्याचा व्होल्टेज पडतो आणि प्रोटेक्टरचा उपयोग तेवढा कमी होतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: यूपीएसवर लक्ष ठेवणारं नेटवर्क यूपीएस टूल्स बसवलं. बॅटरी २५ टक्क्यांवर आली की आधी स्कॅनच्या कॉप्या थांबतात, मग सगळं रीतसर बंद होतं. लाइट आल्यावर ५० टक्के भरल्याशिवाय उठत नाही, नाहीतर लगेच पुन्हा लाइट गेले तर धडपणे बंद व्हायलाही बॅटरी उरत नाही.

मार्चसारखा प्रसंग ओळखायला एक छोटा वायफाय बोर्ड घराच्या साध्या सॉकेटवर लावला, राउटर यूपीएसवर. यूपीएस बॅटरीवर गेला आणि बोर्डही गप्प झाला, तर लाइट गेले किंवा मेन गेला. बोर्ड बोलतोय आणि यूपीएस बॅटरीवर, तर आमचाच आरसीबीओ पडला. यूपीएस लाइनवर आणि बोर्ड गप्प, तर घराची आरसीसीबी पडली, फ्रिज बघा. तिन्ही निरोप मोबाइलवर वेगळे येतात.

२६ मे, सोमवार

पुण्यात मान्सून आला, नेहमीपेक्षा बराच आधी. अर्थिंग पुन्हा मोजलं: दोन्ही मिळून २.४. छान आकडा, पण वहीत तारखेपुढे "पाऊस" असं लिहून ठेवलं. विश्वास ३.२ वरच.

५ जून, गुरुवार

९.४० ला लाइट गेले. भार ३१० वॉट. ११.४५ ला बॅटरी ७३ टक्के, १.३० ला ४९, २.५५ ला लाइट आले तेव्हा ३०. म्हणजे एप्रिलमधला हिशोब जवळपास बरोबर. स्कॅनची कॉपी सकाळी लावली होती, ती मध्ये न थांबता संपली. चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारे आकडे) जुळवले, सगळे जुळले.

लाइट आल्यावर २१९ व्होल्टला ४.८ अँपियर. अर्ध्या तासाने थर्मल गनने आरसीबीओचे स्क्रू ३४ अंश, सॉकेट ३३, खोली २९. कुठे एकच टर्मिनल वेगळं तापत नाही, हे बघायचं होतं.

काकांनी टेस्ट रिपोर्ट सही करून दिला, त्याची प्रत डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवली. शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं: "ही लाइन घराच्या आरसीसीबीतून जात नाही. काम करण्याआधी मेन स्विच बंद करा. यूपीएसच्या बाजूला मेन बंद असतानाही वीज असते."

राहिलेलं: टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं, दिवाळीच्या सुमारास स्क्रू तपासायचे, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पाणी न घालता दोन्ही अर्थिंग वेगवेगळी मोजायची. नवा रॉड तेव्हा ५ ओहमच्या वर गेला तर अंगणाच्या पूर्वेला तिसऱ्याची जागा काकांना दाखवून ठेवली आहे.